आरसा पोरीला एक सांगतो, पोराला दुसरंच!

वाचकहो, या पानावर आपण ऊस, कालव्याचं पाणी, दुधाचे दर आणि रस्त्यांचे खड्डे यांवर नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरात तो निघाला की थोरली माणसं घसा खाकरतात, पोरंपोरी मान खाली घालतात आणि कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं? आणि पुढं प्रेमाच्या, लग्नाच्या, जवळिकीच्या गोष्टींना सामोरं जायचा धीर त्यांच्यात कितपत असतो? विषय नाजूक आहे, पण वावगा नाही. ज्याचा त्रास घरोघरी आहे, त्यावर पेपरात बोललंच पाहिजे.

इंदापूर तालुक्यातलं आपलं शेळगाव घ्या. अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या मधलं, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं गाव. बारावी झाली की इथली पोरं कुणी इंदापूरला, कुणी बारामतीला कॉलेजात जातात. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 सालचं. तेव्हापासून या भागातल्या पिढ्या शहाण्या झाल्या, नोकरीला लागल्या. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हा पोरींचा प्रवासही थोडा सोपा झाला. शिक्षणाची गाडी फाट्यापर्यंत आली, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण सकाळच्या गाडीला फाट्यावर थांबून जरा निरखून बघा. पोरीनं स्कार्फ असा बांधलेला असतो की फक्त डोळे दिसावेत. धुळीसाठी, हे खरं. पण ऊन लागून रंग काळवंडू नये, हेही तितकंच खरं. पोरानं टी-शर्टची बाही दंडावर दुमडलेली असते, छाती पुढं काढलेली असते. दोघंही मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघून घेतात. तिला स्वतःत जे जास्त आहे ते दिसतं: जास्त काळी, जास्त जाड. त्याला जे कमी आहे ते दिसतं: कमी उंच, कमी रुंद. आरसा एकच, पण तो दोघांना वेगवेगळं सांगतो.

पोरीचं माप कोण काढतं?

पोरीच्या शरीराचं माप लहानपणापासून दुसरेच काढतात. "उन्हात नको जाऊस, काळी पडशील." "एवढं खाऊ नको, अंगानं सुटशील." "जरा खा गं, नुसती हाडं दिसत्यात." ही वाक्यं तुमच्या माझ्या घरातली आहेत. बोलणाऱ्या आईच्या, चुलतीच्या, आत्याच्या मनात वाईट काही नसतं. त्यांच्या डोळ्यांपुढं पोरीचं लग्न असतं. स्थळाच्या कागदावर शिक्षणाच्या खालीच 'वर्ण' आणि 'उंची' असते. पोहे घेऊन पोरगी बाहेर आली की चार बायका चेहऱ्यापासून पायाच्या टाचेपर्यंत नजर फिरवतात. बी.एस्सी.ला कितीही मार्क असले तरी त्या पाच मिनिटांत ते कुणी विचारत नाही.

गंमत अशी, की तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढीला याच रस्त्यानं इंदापूरकडं जाते, बेलवडीला गोल रिंगण होतं. ज्याच्या दर्शनाला लाखो माणसं चालतात तो पांडुरंग काळासावळा. त्याच्या सावळेपणावर आपल्या संतांनी जीव ओवाळून टाकला. आणि त्याच्याच पायांवर डोकं ठेवून घरी आलो, की सुनेसाठी आपल्याला गोरी पोरगी हवी असते. हा हिशेब कधीतरी करून बघायला हवा.

बाजारानं हा हिशेब कधीच केला आहे. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात 1975 साली आलं. रंगावरून भेद करण्याविरुद्ध जगभर ओरड झाल्यावर 2020 साली त्याच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं गेलं. नाव बदललं, घराघरांतली समजूत बदलली नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे स्टेरॉइड असलेली मलमं. ही औषधं इसबासारख्या त्वचेच्या रोगांवर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, थोडे दिवस वापरायची. पण ती लावल्यावर चेहरा पहिले काही दिवस उजळ दिसतो, म्हणून पोरी एकमेकींच्या सांगण्यावरून ती रोज चोपडतात. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल होते, मुरमं उठतात, गालावर लव वाढते. मलम थांबवलं तर आग होते, म्हणून परत तेच मलम. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरीही तुमच्या पोरीच्या कपाटात अशी एखादी ट्यूब आहे का, हे एकदा बघा. रागावू नका, नुसतं बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

बारीक राहायच्या नादात पोटाला चिमटा घेणं हा दुसरा धोका. सकाळी न खाता गाडीला पळायचं, दुपारी डबा मैत्रिणींत वाटून टाकायचा, रात्री 'भूक नाही' म्हणायचं. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्या पोरीला पाळीच्या दिवसांत चक्कर येते, तिला कंबर बारीक करायला सांगणं म्हणजे दुष्काळात विहीर उपसण्यासारखं आहे.

पोराचं माप टेपनं निघतं

आता तुम्ही म्हणाल, पोरांना काय धाड भरली? ती तर उंडारत असतात. तसं नाही मंडळी. पोराचं माप तर खरोखरच टेप लावून निघतं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला पुरुष उमेदवाराची उंची 165 सेंटीमीटर लागते. छाती न फुगवता 79 सेंटीमीटर, आणि फुगवल्यावर 5 सेंटीमीटर वाढली पाहिजे. मग 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. आपल्या भागातली कितीतरी पोरं पहाटे रस्त्याच्या कडेनं धावताना दिसतात ती यासाठीच. धावणं उत्तमच. पण जो पोरगा दोन सेंटीमीटरनं हुकतो, त्याला कुणी सांगत नाही की बाबा, उंची हाडाची असते, त्यात तुझा दोष नाही. तो स्वतःला नापास समजतो, नुसता भरतीत नव्हे, माणूस म्हणूनही.

वर मित्रांची भाषा असते. 'काडीपैलवान', 'लुकड्या', 'बायल्या'. पोरीला कुणी टाकून बोललं तर ती निदान मैत्रिणीजवळ रडते. पोराला रडायचीही सोय नाही. तो हसण्यावारी नेतो आणि जिमची फी भरतो. जुन्या तालमीत वस्ताद असायचा, खुराक म्हणजे दूध, बदाम, भाकरी असायची आणि शरीर कमवायला वर्षं लागतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता मोबाईलवर तीन महिन्यांत दंड फुगलेले दिसतात. तसं होत नाही म्हणून काही पोरं इंजेक्शनाच्या वाटेला जातात. पुरुषी संप्रेरकांची ही स्टेरॉइड इंजेक्शनं बाहेरून घेतली की शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतं. परिणामी वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, काहींची छाती बायकांसारखी वाढते, काळजावर आणि यकृतावर ताण येतो. म्हणजे मर्दानी दिसण्यासाठी जे घेतलं, ते पुरुषत्वाच्याच मुळावर येतं. बघा, पोरगी मलमातून आणि पोरगा सुईतून, दोघंही शेवटी स्टेरॉइडलाच जाऊन मिळाले. आणि गोरेपणाचं खूळ पोरांनाही सोडत नाही. पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' क्रीम बाजारात आलं ते 2005 साली.

यात आणखी एक दुखणं मिसळलं आहे. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे आता गावोगाव ऐकू येतं. डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जुळलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. लोक हसले. पण नवरदेवाचा पोशाख करून सरकारच्या दारात उभं राहायची पाळी पोरावर का आली, हे कुणी विचारलं? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं 894 मुलीच होत्या. पोटातच पोरी मारल्या, त्याचा हिशेब आज पोरं चुकवत आहेत. त्यात नोकरी नाही, अंगानं बारीक, रंगानं काळा. मग पोराला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

कॉलेजच्या मुलांवरचे अभ्यास

हे नुसतं आपल्या डोळ्यांना दिसतं असं नाही, शास्त्रज्ञांनी ते तपासलं आहे. 1985 साली अमेरिकेत एप्रिल फॅलन आणि पॉल रोझिन या दोघांनी कॉलेजच्या मुलामुलींपुढं बारीक ते जाड अशा आकृत्यांची एक रांग ठेवली. तुम्ही आज यातले कोण, तुम्हाला कसं व्हायचंय, आणि समोरच्याला कसं शरीर आवडत असेल, असे प्रश्न विचारले. मुलांची तिन्ही उत्तरं जवळपास एकाच ठिकाणी आली. मुलींनी मात्र 'मी आहे त्याहून मुलांना बारीक आवडते, आणि मला तर त्याहून बारीक व्हायचंय' असं दाखवलं. पुढची गोष्ट महत्त्वाची. दोघांचेही अंदाज चुकले. मुलींना वाटत होतं तितकी बारीक मुलगी मुलांना नकोच होती, आणि मुलांना वाटत होतं तितका भरदार मुलगा मुलींना नको होता. म्हणजे एकमेकांना न विचारता दोघंही उगाच झुरत होते.

त्या वेळी मुलं स्वतःवर बऱ्यापैकी खूश दिसली, याचं एक कारण असं, की तिथं फक्त जाडी मोजली होती. दंड आणि छाती विचारली की मुलांचंही दुखणं बाहेर येतं, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. मुलींना कमी व्हायचं असतं, मुलांना भरायचं असतं.

1998 साली बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकट्याला खोलीत, आरशापुढं, कधी स्वेटर तर कधी पोहण्याचा पोशाख घालायला दिला आणि तसंच बसून गणितं सोडवायला सांगितली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. स्वतःकडं सतत दुसऱ्याच्या नजरेनं बघायची सवय लागली, की डोक्यातली निम्मी ताकद त्यातच खर्च होते. पहिल्या बाकावर ओढणी सारखी करत बसलेल्या पोरीचं लक्ष फळ्यावर पूर्ण का नसतं, याचं एक कारण इथं आहे.

'अमेरिकेचं आम्हाला काय सांगता?' असं कुणी म्हणेल. तर मग फिजी बेटांचं ऐका. तिथं भरल्या अंगाची बाई चांगल्या घरची समजली जायची. एका भागात 1995 साली टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा 1998 साली शाळेतल्या मुलींना तेच प्रश्न विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या खेपेला एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा मुली 11.3 टक्के निघाल्या. तीन वर्षांच्या टीव्हीनं एवढं केलं. आपल्या पोरांच्या हातात तर दिवसरात्र मोबाईल आहे.

धीराचं सोंग आणि लाजेचं सोंग

आता मूळ मुद्द्याकडं येऊ. या शरीराबद्दलच्या मतातूनच लैंगिक आत्मविश्वास घडतो किंवा बिघडतो. वरवर पाहिलं तर पोरं बिनधास्त आणि पोरी लाजाळू वाटतात. जवळ जाऊन पाहिलं तर दोघंही सारखेच घाबरलेले असतात. फक्त एकाला धीराचं सोंग घ्यावं लागतं, दुसरीला लाजेचं.

पोराची पहिली भीती धातू जाण्याची. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, ही समजूत आजही चावडीवर ऐकू येते. ती खोटी आहे. झोपेत वीर्य जाणं ही वयात आल्याची नैसर्गिक खूण आहे. आपण मात्र त्याचं नावच 'स्वप्नदोष' ठेवून बसलो. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, नपुंसकत्व येत नाही, मुलं न होण्याशी त्याचा संबंध नाही. वीर्य जातं या धास्तीनं माणूस खंगतो, या आजाराला डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 साली 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. आजार वीर्याचा नसतो, धास्तीचा असतो.

दुसरी भीती आकाराची. 2015 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी आधी झालेल्या अनेक अभ्यासांतली 15,521 पुरुषांची मोजमापं एकत्र केली. बहुतेक पुरुष सरासरीच्या आसपासच असतात, असंच त्यातून दिसलं. मोबाईलवरच्या अश्लील चित्रफितीत दिसणारी माणसं निवडून घेतलेली असतात आणि दृश्यं तुकडे जोडून बनवलेली असतात. ते बघून स्वतःला तोलणं म्हणजे सिनेमातल्या मारामारीवरून आपली ताकद ठरवणं.

या दोन भीतींवरच एस.टी. स्टँडामागच्या भिंतींवरच्या 'शक्तिवर्धक' जाहिराती आणि रस्त्याकडेचे तंबू चालतात. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी पोरगं घरात विचारू शकत नाही, म्हणून खिशातली फीची रक्कम तंबूत देऊन येतं.

पोरीच्या भीती वेगळ्या. पहिल्या रात्री रक्त आलं नाही तर? कुणी संशय घेतला तर? खरी गोष्ट अशी, की योनिपटल प्रत्येकीचं वेगळं असतं. पहिल्या संबंधात कित्येकींना रक्त येतच नाही. कौमार्य तपासायची कुठलीही चाचणी शास्त्रात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली स्पष्ट सांगितलं. पुणे जिल्ह्यातल्याच कंजारभाट समाजाच्या तरुण मुलामुलींनी त्या सुमारास कौमार्य परीक्षेच्या प्रथेविरुद्ध उघड मोहीम उभारली, जातपंचायतीचा रोष पत्करला. त्यानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये राज्य सरकारनं अशी परीक्षा घ्यायला लावणं हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मानला जाईल असं जाहीर केलं. या पोरापोरींनी दाखवलेला धीर हा खरा धीर होता.

पोरीची दुसरी अडचण बोलण्याची. 'नको' म्हणायला तिला शिकवलेलं नाही, आणि 'हवं' म्हणणं तर चालतच नाही. 2000 साली मायकेल वीडरमन यांच्या कॉलेजच्या मुलींवरच्या अभ्यासात असं दिसलं, की जवळिकीच्या वेळी आपण कशा दिसतो याची चिंता ज्यांना जास्त, त्यांना आपली इच्छा-अनिच्छा सांगणंही जास्त जड जातं. आणि पोटाची वळी लपवण्यात जिचं मन गुंतलंय, ती 'मला त्रास होतोय, थांब' कशी म्हणेल?

आता या दोघांना एका खोलीत आणा. त्याला सगळं येतं असं दाखवायचंय, तिला काहीच माहीत नाही असं दाखवायचंय. त्याची शिकवणी मोबाईलवर झाली, तिची झालीच नाही. त्याच आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक तर कॉलेजची पायरी चढायच्या आधीच, कायदा मोडून, त्या खोलीत पोहोचली. संसाराची सुरुवात अशी भीतीत आणि गैरसमजात झाली, तर पुढचा दोष नशिबाला देऊन भागणार नाही.

आपल्याच मातीतली वाट

हे बोलणं आपल्या संस्कृतीत बसत नाही असं म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्वे यांची आठवण ठेवावी. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मराठी मासिक 1953 साली मरेपर्यंत चालवलं. नग्न देह म्हणजे पाप नव्हे हे लोकांच्या अंगवळणी पडावं म्हणून मुखपृष्ठावर तशी चित्रं छापली. बाईलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि तिलाही तिचा हक्क आहे, असं त्यांनी त्या काळात लिहिलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही.

पुढं गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. लाजेपोटी अंगावर काढणं म्हणजे काय, ते या आकड्यांत दिसतं. डॉ. राणी बंग यांनी पुढं 'तारुण्यभान' या नावानं तरुण मुलामुलींसाठी लैंगिक शिक्षणाची शिबिरं सुरू केली. त्यांत मुलंमुली एकत्र बसतात. राज्यातल्या शाळांत मात्र 2007 साली लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधानसभेतल्या गदारोळानंतर थांबवला गेला. शाळेनं दार लावलं, मोबाईलनं खिडकी उघडली, एवढंच झालं.

आपण काय करायचं?

घरातून सुरुवात करा. पोरीच्या रंगावर, पोराच्या अंगावर चेष्टेतसुद्धा बोलायचं नाही, असं महिनाभर ठरवून बघा. आईनं पोरीशी पाळीबद्दल बोलताना पोराला खोलीबाहेर काढू नये; उद्या तोही कुणाचा तरी नवरा होणार आहे. बापानं पोराला निदान एवढं सांगावं, 'तुझ्या वयात मलाही हीच भीती वाटायची.' या एका वाक्यानं तंबूतली फी वाचेल.

कॉलेजांनी काय करावं? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं 'निर्भय कन्या अभियान' मुलींसाठी आहे. मुलींना निर्भय करायचं ते चांगलंच, पण मुलांची भीती कोण घालवणार? त्यांच्यासाठीही असा एक दिवस हवा, जाणता डॉक्टर हवा, आणि नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न टाकायची पेटी हवी. छळाची तक्रार करायला 2015 च्या नियमाप्रमाणं प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. ती कुठं बसते, तिच्यावर कोण आहे, हे पालकांनी जाऊन विचारावं.

सरकारी सोयही आहे. 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिकं आहेत; तिथं सल्ला गुप्त ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. आशाताईला विचारलं तर जवळचं ठिकाण कळेल. मन फारच खचलं असेल तर 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर केव्हाही फुकट बोलता येतं. वाचायचं असेल तर डॉ. विठ्ठल प्रभू यांचं 'निरामय कामजीवन' मराठीतच आहे. लग्न ठरलेल्या पोरापोरींना आहेराबरोबर हे पुस्तक द्यायला हरकत नाही.

आणि शरीराकडं बघायची नजर बदलायची असेल, तर माण तालुक्यातल्या मोही गावाकडं बघा. दुष्काळी भागातली, शेतकऱ्याची पोरगी ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. ती धावली तेव्हा तिचा रंग कुणी विचारला नाही. शरीर कसं दिसतं यापेक्षा ते काय करू शकतं, हे पोरीला आणि पोराला, दोघांनाही घरातच शिकवता येतं. पोरीला पहाटे रस्त्यावर धावायला पाठवा, पोराला स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसवा. दोघांनाही आपल्या हातापायांची खरी ओळख होईल.

लग्नाचा हंगाम येईल, स्थळं येतील, कागद फिरतील. या वेळी तुमच्या पोरीचा कागद लिहाल तेव्हा 'वर्ण' हा रकाना कोरा सोडा. समोरून कुणी विचारलंच, तर पोरीलाच उत्तर देऊ द्या. आणि पोराला लग्नाआधी एवढंच शिकवा, की बायकोला विचारायचं, ती काय म्हणते ते ऐकायचं, आणि ती 'नको' म्हणाली तर त्यात आपला अपमान नाही. एवढं ज्याला जमलं, त्याची छाती 79 भरली काय आणि 77 भरली काय, काही अडत नाही.